जागा घरातच राहणार

५ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

तुला अशी हाक मारलेली आवडत नाही हे मला पक्कं माहीत आहे, म्हणूनच मारते. विद्यापीठात गेलीस म्हणून काय झालं, तुझी चेष्टा करणारं एक तरी माणूस शिल्लक राहायला हवं.

पत्र कागदावर का, तर फोन तुझ्या दादाच्या खिशात असतो आणि त्यावर आलेलं सगळं आई त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतात. मला जे लिहायचंय ते मोठ्याने वाचण्यासारखं नाही. भाजीचा ट्रक दर आठवड्याला छावणीतून शहरात परत जातो. ड्रायव्हरच्या मुलीची गणितं मी बघते, त्या बदल्यात तो आपली पत्रं नेईल-आणील.

तुझ्या खोलीचा फोटो आला. आईंनी तो नळावरच्या सगळ्या बायकांना दाखवला. खिडकी, दिवा, पलंग, टेबल. ‘टेबल तिचं एकटीचं आहे,’ हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की पलीकडच्या रांगेतली शिंपीण मला म्हणाली, ‘तुझ्या नणंदेला टेबल मिळालं, तुला काय मिळालं?’ मी म्हटलं, मला तिच्या वाटणीची भांडी मिळाली. सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला हसू आलं नव्हतं.

सरळच लिहिते. ते टेबल बघून माझ्या पोटात दुखलं, आणि हे दुखणं गोळी घेऊन जाणारं नाही. छावणीतल्या सगळ्या बायकांमधून विद्यापीठात जागा एक. यादीत तुझं नाव पहिलं, माझं दुसरं. पेपरात तुळईचं जे गणित आलं ते आदल्या संध्याकाळी याच खोलीत बसून मी तुला शिकवलं होतं. परीक्षेच्या दिवशी पिटुकलीला ताप होता. आई म्हणाल्या, ‘आधी लेकीला झोपव, मग जा.’ झोपवली आणि गेले, तोवर सगळ्यांचं पहिलं पान सोडवून झालं होतं. तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस आणि परत खाली घातलीस. तू तेव्हा दुसरं काय करणार होतीस म्हणा. पण मला ते आठवतं.

लढाईने आपल्याला घराबाहेर काढलं तेव्हा मी पूल बांधायचं शिकत होते, तिसऱ्या वर्षाला. पुढच्या मे महिन्यात माझं वय त्यांच्या नियमात बसत नाही. म्हणजे काय ती यंदाचीच संधी होती, आणि ती सध्या तुझ्या खोलीत टेबलापाशी बसली आहे.

असो. काय शिकवतात ते लिही. विषयांची नावं, पुस्तकांची नावं, सरांची तऱ्हा, सगळं. जेवण कसं आहे ते लिहू नकोस, ते आईंना फोनवर सांग.

तुझी वहिनी


२१ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

मला वन्सं म्हणणाऱ्या बाईला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण दोन दिवसही टिकले नाही.

इथे सगळं छान आहे. खोलीत माझ्याबरोबर एक डॉक्टरची मुलगी आहे, तिला मी घोरणारी म्हणते, अर्थात मनात. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, ‘तुमच्या छावणीत शाळा असतात?’ मी म्हटलं, असतात, छप्परसुद्धा असतं. तेव्हापासून ती माझ्याशी जपून बोलते.

वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या. जमिनीच्या मोजणीचा तास असतो, त्यात मुलांनी दुर्बिणीतून बघायचं आणि मुलींनी आकडे लिहून घ्यायचे असा इथला शिरस्ता आहे. कुणी तसा नियम केलेला नाही, आपलं चालत आलंय. मी पहिल्याच तासाला दुर्बिणीला जाऊन चिकटले ती सोडलीच नाही. एक जण म्हणाला, ‘तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही ना.’ मी म्हटलं, तू लिहिलंस तर तुझंही होईल. आता ते मला तिखट म्हणतात.

आणि ऐक. पुलांचे सर आहेत, सगळे त्यांना घाबरतात. त्यांनी विचारलं, पुलाचा मधला खांब थोडा खचला तर वरच्या तुळईचं काय होतं? मी उभी राहिले आणि तू चुलीपुढे दोन विटा आणि एक फळी घेऊन दाखवलं होतंस ते जसंच्या तसं सांगितलं. सर म्हणाले, ‘हे कुठे शिकलीस?’ मी म्हटलं, छावणीच्या शाळेत एक बाई शिकवायच्या. सरांनी मान हलवली. त्यांची मान सहसा हलत नाही म्हणतात.

टेबलाबद्दल माफी मागू का? नाही मागणार. मीही अभ्यास केला होता, वहिनी. तुझ्या पोटात दुखतं ते मला कळतं, पण प्रत्येक पत्रात मला त्याची नाडी तपासायला लावू नकोस.

पुस्तकांची यादी मागच्या पानावर आहे. पिटुकलीला सांग, आत्याच्या खिडकीतून रेल्वेचा पूल दिसतो.

तुझी नणंद


९ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

छावणीच्या शाळेतल्या त्या ‘एका बाई’चा नमस्कार घे.

मी ती ओळ परत परत वाचली. एक बाई. वहिनी म्हणायला जीभ अडखळली का? की घरच्या माणसाकडून शिकलेलं तिथे चालत नाही? फळी मी धरली होती, विटा मी सरकवल्या होत्या, आणि हात पोळला तोही माझाच. मान मात्र त्या सरांनी तुझ्यापुढे हलवली.

मला माहीत आहे, तुझ्या मनात तसं काही नसणार. पण हेवा वाटायला लागला की माणूस समोरच्याच्या मनात काय आहे ते बघायला थांबत नाही. तुझी दुर्बीण वाचूनही मी पीठ मळता मळता थांबले. आमच्या कॉलेजात ती माझ्या हातात असायची. अजून कधी कधी एक डोळा मिटून मी पाण्याच्या टाकीकडे बघते, तर आई विचारतात, ‘डोळ्यात काही गेलं का?’ मी म्हणते, हो.

इकडची बातमी म्हणजे तुझ्या दादाने सायकल दुरुस्तीच्या टपरीवर तुझा फोटो लावलाय. येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, ‘मी इंजिनिअरचा भाऊ.’ माझं तिसरं वर्ष चालू असताना आमचं लग्न झालं. इंजिनिअरचा नवरा असं तो कधी कुणाला म्हणाला नाही. विचारलं तर म्हणाला, ‘तेव्हा टपरी कुठे होती?’ त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, आणि ते ऐकून भांडताही येत नाही.

वर्गात मुली वाढल्यात, पाट्या तेवढ्याच आहेत. तुझं नाव ऐकून आया मुलींना स्वतःहून आणून सोडतात. म्हणजे माझ्या वर्गाची जाहिरातही तूच.

यादीतलं तिसरं पुस्तक मी वाचलेलं आहे. त्याचं शेवटचं प्रकरण सोडू नकोस, सगळे सोडतात.

वहिनी, म्हणजे एक बाई


१४ जानेवारी

वहिनी,

परीक्षेच्या गडबडीत पत्र लिहिलं नाही, आणि आता लिहितेय ते वाईटच आहे. आई-दादाला सांगू नकोस.

माझ्यावर कॉपीचा आळ आलाय. पुलांच्या विषयात माझी सगळी उत्तरं बरोबर, आणि पेपरात एकही पायरी नाही. नुसती उत्तरं. वरून कागदावर जागोजागी खोडल्याच्या खुणा. ते म्हणतात, उत्तरं आधीच कुठून तरी मिळवली आणि ती पेन्सिलने टिपून मग खोडली.

मी काय केलं ते तुला वाचताक्षणी कळलं असेल. आपल्या वर्गात एका पाटीवर दोघी. वरच्या भागात उत्तर, खालच्या भागात आकडेमोड. उत्तर आलं की खालचं पुसायचं आणि पाटी शेजारणीकडे सरकवायची. इतकी वर्षं हेच केलं. पेपरात मी पेन्सिलने आकडेमोड केली, पेनाने उत्तर लिहिलं, आणि बाकीचं नीट खोडून टाकलं. कागद स्वच्छ ठेवला म्हणून मी खूश होते, वहिनी. वर्गात सर तोंडी विचारायचे, त्यामुळे हे कधी कुणाच्या लक्षातच आलं नाही.

समितीला मी सगळं सांगितलं. एक जण म्हणाले, ‘गोष्ट चांगली रचली आहेस.’ शेवटी ठरलं की तुम्हाला जिने शिकवलं त्या शिक्षिकेचं पत्र आणा, त्यात तुमची पद्धत लिहिलेली हवी. पाच फेब्रुवारीला बैठक आहे. पत्र आलं नाही तर मला काढतील.

या वेळी ‘एक बाई’ नाही म्हणाले. माझी वहिनी माझी शिक्षिका आहे असं सांगितलं.

लवकर लिही. ट्रक चुकला तर दुसऱ्या कुणाच्या हाती दे.

तुझी नणंद


२५ जानेवारी

प्रिय वन्सं,

पत्र मिळालं. वाचून वाईट वाटलं.

समितीला लिहायला घेतलंय, पण शाळेचा शिक्का छावणीच्या कचेरीतल्या फाइलवाल्या बाईंकडे असतो आणि त्या रजेवर गेल्यात असं कळतं. बिनशिक्क्याचं पत्र घेऊन ते लोक काय करणार? पिटुकलीचा खोकलाही हटत नाही. या आठवड्याच्या ट्रकने जमेलसं वाटत नाही, पुढच्या बघू.

तू खोडरबर हातात घेतलंसच कशाला? मी पाटी पुसायला शिकवलं होतं, विद्यापीठाचा कागद नव्हे. तिथे इतके महिने काढलेस, शेजारचे कसे लिहितात ते एकदा डोकावून बघायचं होतंस. तेवढं तर चाललं असतं.

एक विचारू? सहजच. समजा त्यांनी खरंच काढलं, तर तुझ्या जागेचं काय करतात? रिकामी ठेवतात की यादीतल्या पुढच्या नावाला बोलावतात? तुला कुणी काही बोललं असेल तर कळव. एवीतेवी नियम माहीत असलेला बरा.

काळजी करू नकोस. जेवत जा.

वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

तुझ्या सहज प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे.

काल फाइलवाल्या बाईंचा फोन आला. त्या रजेवर वगैरे गेल्याच नव्हत्या. आळ कळला म्हणून माझं सांत्वन करायला केला होता. म्हणाल्या, ‘मनाला लावून घेऊ नकोस. तुला काढलं तरी पुढचं नाव तुझ्या वहिनीचं आहे. पहिल्या वर्षाच्या आत जागा रिकामी झाली तर तिलाच मिळते. जागा घरातच राहणार.’ त्यांना वाटलं मला बरं वाटेल. मी त्यांना थँक यू म्हटलं.

म्हणजे तुला हे माहीत होतं. माझं पत्र आलं तेव्हाच माहीत होतं, आणि तू मला जेवत जा म्हणून लिहिलंस.

पाच तारखेची बैठक तुझ्या पत्राशिवाय झाली. सगळे दरवाजाकडे बघत होते, जणू पत्र चालत येणार आहे. पुलांच्या सरांनी शब्द टाकला म्हणून अठ्ठावीस तारखेची आणखी एक बैठक दिलीय. ती शेवटची.

तू टेबल, दुर्बीण आणि सरांची मान मोजत बसतेस, तर माझंही ऐकून घे. तू घरात आलीस तेव्हा मी शाळेत होते. दादा माझा होता, तो तुझा झाला. आई मला नावं ठेवायची ती तुझं नाव घेऊन: ‘वहिनीकडे बघ, किती हुशार.’ मी गणित शिकले ते तुझ्याकडून, बोलते ती तुझी वाक्यं. इथे लोक माझं कौतुक करतात तेव्हा मला आतून वाटतं, हे तिचं आहे, कुणीतरी येऊन परत मागणार. तुझा हेवा मी तुझ्याआधीपासून करते, फक्त पत्रातून लिहून पाठवत नाही. ही एक जागा माझी होती.

आता पत्र पाठवू नकोस. उशिरा आलेलं पत्र बघून ते आणखी संशय घेतील. आणि तुझी तयारी चालू असेल तर सांगते, खिडकीची कडी सैल आहे, थंडीत कागद लावावा लागतो.


१५ फेब्रुवारी

वन्सं,

ट्रकची वाट न बघता हे पाठवतेय. दवाखान्याची गाडी शहरात जातेय, तिच्या ड्रायव्हरला हातापाया पडून दिलंय.

होय, मला माहीत होतं. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी फाइलवाल्या बाईंकडे शिक्का मागायला गेले. शिक्का देता देता त्यांनी मला नियम सांगितला, हसून. मी समितीचं पत्र लिहिलं, शिक्का मारला, घरी आणलं आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलं. तो आठवडा मी तुझ्या टेबलापाशी बसून काढला. मनातल्या मनात खिडकी उघडली, पुस्तकं लावली. पिटुकलीसाठी कोपऱ्यात गादीसुद्धा घातली. असं सुख मला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, आणि ते तुझ्या नाशावर उभं होतं हे मला पूर्ण ठाऊक होतं. लाज वाटली नाही असं नाही. लाज वाटूनही पत्र डब्याखालीच राहिलं.

फाइलवाल्या बाईंनी परवा टपरीवर जाऊन तुझ्या दादालाही सांगितलं. जेवताना तो विषय निघाला. आई रडल्या, पोरीची बदनामी झाली म्हणून. तुझा दादा त्यांना म्हणाला, ‘रडतेस कशाला? ही जाईल नाहीतर ती. घरातली एक बाई शिकली म्हणजे पुरे झालं की. दोघी गेल्या असत्या तर घर कुणी बघितलं असतं?’ आईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, ‘तेही खरंच.’ मग त्याने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला, भरून आण म्हणून.

तो वाईट माणूस नाही, तुलाही माहीत आहे. पण मी तांब्या हातात घेऊन तिथेच उभी राहिले. एवढे महिने मी तुझ्याकडे डोळे वटारून बघत होते, आणि ज्यांनी दोघींपुढे एकच खुर्ची मांडली त्यांना वेळच्या वेळी चहा करून देत होते. परीक्षेच्या दिवशी पिटुकलीला झोपवायला त्या घरात आणखी दोन माणसं होती. हे मला तेव्हा सुचलं नाही. तू मान खाली घातलीस तेवढंच दिसलं.

तांब्या मी त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, नळ माहीत आहे ना. तो गेला, आणि मी आधीचं पत्र फाडून दुसरं लिहिलं. त्याची नक्कल खाली देते. मूळ पत्र, पुन्हा शिक्का मारून आणलेलं, सोबतच्या बंद पाकिटात आहे, ते न उघडता त्यांना दे.

‘सन्माननीय समितीस,

आपल्या विद्यार्थिनीला गणित मी शिकवले. आमच्या शाळेत दोन मुलींत एक पाटी आहे. उत्तर राखून आकडेमोड पुसावी आणि पाटी दुसरीला द्यावी, हा माझ्या वर्गाचा नियम आहे. तिने आपल्या उत्तरपत्रिकेत केले ते हेच. तिला फळ्यापाशी उभे करा आणि कोणतेही उदाहरण द्या, ती पायऱ्या मांडून दाखवील.

हे पत्र उशिरा येत आहे, त्याचे कारण मी आहे. मी तिची शिक्षिका आहे, तिच्या भावाची पत्नी आहे, आणि आपल्या यादीत तिच्यानंतरचे नाव माझे आहे. तिला काढले तर ती जागा मला मिळते. पुढील वर्षी वयामुळे मी अपात्र ठरेन, तेव्हा मला दुसरी संधी नाही. हे सर्व समजून मी लिहीत आहे की तिने चोरी केलेली नाही.’

लिहून झालं आणि हलकं वगैरे काही वाटलं नाही. हे मी मोठ्या मनाने केलं असं कुणाला सांगू नकोस, कारण तसं नाहीये. मला ती जागा अजून हवी आहे. फक्त तुझ्या अंगावरून चालत जाऊन नकोय.

खिडकीच्या कडीला कागद लावू नकोस, कापडाची चिंधी घट्ट बसते.

वहिनी


६ मार्च

वहिनी,

मी राहिले. तो पेपर रद्द झाला, एप्रिलमध्ये परत द्यायचा, प्रत्येक पायरी शाईने लिहून. आई-दादालाही कळव.

बैठक कशी झाली ते ऐक. कुलसचिव बाईंनी तुझं पत्र मोठ्याने वाचलं. ‘तिच्यानंतरचे नाव माझे आहे’ तिथे आल्या तेव्हा अध्यक्षांनी त्यांना थांबवलं, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘पुन्हा वाचा.’ पुन्हा वाचलं. गोष्ट चांगली रचली म्हणणारे गृहस्थ टेबलाकडे बघत राहिले. मग मला फळ्यापाशी बोलावलं. पुलांच्या सरांनी मुद्दाम अवघड तुळई दिली. सोडवली. सवयीने हात डस्टरकडे गेला तर सर ओरडले, ‘तिथेच ठेव ते.’ मग फळा वरपासून खालपर्यंत वाचला आणि अध्यक्षांना म्हणाले, ‘माझं समाधान झालं.’

सगळं आटोपल्यावर अध्यक्षांनी मला विचारलं, ‘पण तुमच्या वहिनींनी हे का लिहिलं? यात त्यांचं नुकसानच आहे.’ मी म्हटलं, ते मी कशाला सांगू, त्यांनाच बोलावून विचारा. त्यांना कुणीच कधी काही विचारलेलं नाही. कुलसचिव बाईंनी विचारलं, ‘त्यांचं शिक्षण किती?’ मी म्हटलं, तिसऱ्या वर्षापर्यंत, पूल. ‘कागदपत्रं?’ मी म्हटलं, ज्या घरात होती ते घर आता नाही. त्या म्हणाल्या, ‘आणि वयाची अट आहे.’

तेव्हा माझी जीभ सुटली. मी म्हटलं, मॅडम, वहिनीचं वय मोजताना तुम्ही लढाईची वर्षं धरता का? धरत असाल तर त्या वर्षांत तिला कुठल्या कॉलेजात बसू दिलं ते सांगा. अध्यक्ष म्हणाले, हा आजचा विषय नाही. कुलसचिव बाईंनी मात्र काहीतरी लिहून घेतलं.

आता दुसरं. तू उशीर केलास ते मी विसरलेले नाही. पाच तारखेला त्या दरवाजाकडे बघत मी बसले होते, ते मी कुणाला सांगणार नाही, पण तुला परत परत सांगणार आहे. आणि प्रकरण माझं, आळ माझ्यावर, पण बैठकीत निम्मा वेळ बोलणं तुझ्यावर चाललं होतं. बाहेर पडताना पुलांचे सर म्हणाले, ‘तुमच्या वहिनी फार नेमकं लिहितात.’ माझ्या फळ्याबद्दल एवढंही म्हणाले नाहीत. मी खोलीवर येऊन उशीवर दोन गुद्दे मारले.

चिंधी बसवली. बसते.

तुझी नणंद


२० मार्च

प्रिय वन्सं,

तू राहिलीस हे वाचून मला आनंद झाला, आणि मग टाकीमागे जाऊन मी रडले. ते रडणं आनंदाचं नव्हतं. तुला खोटं लिहायचं नाही असं आता ठरवलंय, म्हणून कळवते.

काल फाइलवाल्या बाई स्वतः घरी आल्या. वयाच्या अटीतून लढाईची वर्षं वगळायची, असं विद्यापीठाने कळवलंय. ज्यांचं शिक्षण त्यात मोडलं त्या सगळ्या बायकांना लागू. पुढच्या परीक्षेला मी बसू शकते. जागा मात्र अजून एकच आहे, तिचं काही बोलले नाहीत. तुझ्या दादाने विचारलं, ‘परत परीक्षा? आणि पिटुकली?’ मी म्हटलं, त्या दिवशी ती तुझ्याबरोबर टपरीवर बसेल, तिला आत्तापासून सवय लाव. तो आईंकडे बघायला लागला. आई भिंतीकडे बघत होत्या.

बातमी छावणीभर झाली. आज वर्गात मुलींच्या मागे नऊ बाया येऊन बसल्या. शिंपीण आहे, दवाखान्यातली आया आहे, शिक्षण अर्धं सोडून आलेल्या दोघी-तिघी आहेत. सगळ्या त्या एकाच जागेसाठी बसणार. आणि त्यांना शिकवणार कोण, तर मी. शिंपिणीचं डोकं भलतंच तल्लख आहे, आज तिने माझी एक चूक काढली. मला आत्तापासून तिचा हेवा वाटायला लागलाय. पायऱ्या मात्र सगळ्यांना लिहून ठेवायला लावते, पाट्या पुरोत न पुरोत.

पण वन्सं, खरी जळजळ वेगळीच आहे. लढाईची वर्षं वयात का धरता, एवढा साधा प्रश्न. माझं वय, माझी वर्षं, आणि रोज सकाळी उठून मी तीच मोजत होते. तुला तो उभ्या उभ्या सुचला. मला का सुचला नाही, म्हणून कालपासून चिडले आहे, आणि हे आईंनासुद्धा सांगता येत नाही.

तुझी वहिनी